थंडीतला घाट आणि आपली ऊस वाहतूक



आपला गळीत हंगाम ऐन भरात येतो तो थंडीत. रात्री गार आणि दिवस कोरडे असले की उसाची वाढ थांबते, साखर भरू लागते, आणि प्रयोगशाळेतून रिकव्हरीचा आकडा वर सरकल्याचे कळले की संचालक मंडळापासून गटातल्या चिटबॉयपर्यंत सर्वांचे चेहरे खुलतात. थंडी पडावी म्हणून आपण आभाळाकडे डोळे लावून बसतो. मात्र हीच थंडी आपल्या घाटात काय करून ठेवते, याचा हिशेब कुठल्याच तक्त्यात नसतो. शेतकी खात्यात काम करताना निम्मा हंगाम मोटारसायकलवर आणि जीपमध्ये याच घाटात जातो, म्हणून हा हिशेब मांडण्याचे धाडस करीत आहे.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत रात्री अकरापासून सकाळी आठपर्यंत घाटातून उसाची एकही खेप येऊ नये. घाटातून येताना ट्रॅक्टरमागे एकच ट्रॉली असावी. आणि यासाठी वाहतुकीचा जो जादा खर्च येईल, तो घाटापलीकडच्या सभासदांच्या माथी न मारता सर्व सभासदांनी मिळून सोसावा. पहिल्या दोन गोष्टींना गटसभेत सगळे माना डोलावतात. तिसरी गोष्ट काढली की लोक चपला शोधू लागतात.

पहिल्यांदा धुक्याचे बोलू. पुष्कळांचा समज असा की धुके वर डोंगरावर असते आणि खाली उतरलो की सुटलो. पावसाळ्यात ते खरे, कारण तेव्हा ढगच घाटमाथ्याला टेकलेले असतात. थंडीत मात्र बऱ्याचदा उलटे घडते. आभाळ निरभ्र असले की रात्री जमीन भराभर थंड होते, तिच्या अंगावरची हवाही थंड होते, आणि थंड हवा जड असल्यामुळे पाण्यासारखी उतारावरून घरंगळत खाली दरीत साचते. खाली नदी, पाट, आणि आपला सारा भिजवलेला ऊस! ओल भरपूर. मग पहाटे तीन-चारच्या सुमारास पांढरी भिंत उभी राहते. माथ्यावर चांदण्या लखलखीत दिसत असतात, ड्रायव्हर निर्धास्त असतो, आणि तिसऱ्या-चौथ्या वळणाला गाडी कापसात शिरावी तशी धुक्यात शिरते. वर स्वच्छ म्हणून वेग धरलेला असतो आणि खाली उतारही असतो. दगा तिथे आहे. महाबळेश्वरला काही वर्षी वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठल्याचे फोटो वर्तमानपत्रात येतात, आपण ते कौतुकाने बघतो. त्याच रात्री आपल्या घाटाच्या पायथ्याला काय अवस्था असते, त्याचा फोटो काढायला कोणी जात नाही.

धुक्यात किती वेगाने चालावे, याचे साधे गणित आहे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत माणसाला एक-दीड सेकंद लागतोच. ताशी ८० किलोमीटरने येणारी मोटार तेवढ्यात ३० मीटरच्या आसपास पुढे गेलेली असते, आणि ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावरही आणखी ४० मीटर जाते. म्हणजे झाले ७० मीटर. दाट धुक्यात दिसते ३० मीटर. आता त्या ३० मीटरवर आपली उसाची ट्रॉली उभी आहे, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर लावला होता तो वाढ्यांनी झाकला गेला आहे. मोटारवाल्याने काय करावे? आणि डिसेंबर-जानेवारीत या घाटातून फक्त आपण जात नाही. नाताळच्या सुट्टीत मुंबई-पुण्याची मंडळी कोकणात, गोव्यात, महाबळेश्वरला निघालेली असतात. त्यांना घाटाचे वळण ठाऊक नसते. शाळांच्या सहलीही याच दिवसांत. एस.टी. भरून पोरे गाणी म्हणत रात्रीचा प्रवास करीत असतात. त्या एस.टी.त आपल्याच गावची पोरे असतात.

रस्त्याचेही तसेच. दव पडले की रस्त्यावरची धूळ, डिझेलचे थेंब आणि आपल्या ट्रॉलीतून सांडलेले पाचट यांचा चिखल नव्हे पण चिखलाचा भाऊ तयार होतो. ओल्या पाचटावरून दुचाकी कशी सरकते ते ज्याचे त्याला माहीत. शिवाय चढावर गाडी बंद पडली की क्लिनर चाकाखाली दगड लावतो, गाडी चालू झाली की निघून जातो आणि दगड तिथेच! आमच्या जीपने एका हंगामात असे किती दगड उचलून कडेला टाकले असतील याची गणती नाही. जुन्या काळी बैलगाडीमागे माणूस दगड घेऊन चालायचा, गाडी हलली की दगड उचलून परत बरोबर घ्यायचा. गाडीमागे चालणारा माणूस गेला, दगड तेवढा राहिला.

आता ट्रॅक्टरकडे वळतो, कारण खरी मेख इथे आहे. ट्रॅक्टर हे शेतात ओढण्याचे यंत्र आहे. त्याची ताकद ओढायची आहे, अडवायची नाही. आपल्या घाटात दोन्ही कामे पडतात: पलीकडच्या अंगाने भरलेला ऊस घेऊन चढायचे आणि अलीकडच्या अंगाने तोच ऊस घेऊन कारखान्याकडे उतरायचे. चढताना मागच्या ओझ्याने ट्रॅक्टरचे तोंड हलके होते, स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखे. म्हणून पोरे पुढे दगडाची पोती बांधतात. तरी चढावर निदान गाडी हळू असते. उतारावर गोष्ट वेगळी.

दोन ट्रॉल्या, त्यातला ऊस आणि ट्रॅक्टर मिळून नुसते २० टन धरा. प्रत्यक्षात अधिकच असते. घाटाची उतरण ३०० मीटर धरा. एवढे वजन एवढे खाली आणताना जी शक्ती मोकळी होते, तिच्यावर पावणेदोनशे लिटर गार पाणी उकळेल. मोठे बॅरल जवळजवळ भरेल एवढे पाणी! त्यातली काही शक्ती चाकांच्या घर्षणात आणि वाऱ्यात जाते. उरलेली एक तर इंजिनाने अडवायची, नाही तर ब्रेकने अंगावर घ्यायची. गाडी हलक्या गिअरमध्ये असेल तर इंजिन पुष्कळ भार घेते. गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, किंवा क्लच दाबून ठेवला, की सगळे ओझे ब्रेकवर. ब्रेकचे लायनर तापतात, तापले की पकड सोडतात, आणि मग पेडल दाबले काय नि न दाबले काय, सारखेच. न्यूट्रल केले की डिझेल वाचते, असे अजूनही काही जण छातीठोकपणे सांगतात. किती वाचते? अर्धा-एक लिटर? ज्या गिअरमध्ये चढ चढला त्याच गिअरमध्ये उतार उतरावा, हे जुने ड्रायव्हर सांगत आले, त्याच्यापुढे जाणारे शास्त्र अजून निघालेले नाही.

आणि ब्रेक म्हणजे तरी कुठले? आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना, आणि पुष्कळ ट्रॉल्यांना ब्रेकच नाहीत. म्हणजे अडीच टनांच्या ट्रॅक्टरने स्वतःला अडवायचे आणि मागून ढकलणाऱ्या पंधरा-सतरा टनांनाही. वळणावर ब्रेक मारला की ट्रॅक्टर थबकतो, ट्रॉली थबकत नाही. ती मागून रेटते आणि ट्रॅक्टरला आडवा करते. दुसरी ट्रॉली असेल तर ती पहिलीला रेटते. अडकित्ता मिटावा तसा सगळा पसारा मिटतो. आणखी एक बारीक गोष्ट. ट्रॅक्टरला डावा-उजवा असे दोन ब्रेक असतात, शेतात जागच्या जागी वळवण्यासाठी. रस्त्यावर आल्यावर दोन्ही पेडल जोडणारी कडी लावायची असते. यार्डात मी सहज म्हणून बघत फिरतो. कडी लावलेली तर सोडाच, काही ट्रॅक्टरची कडीच जागेवर नसते. सुटी पेडल असताना घाईत एकाच पेडलवर पाय पडला तर ट्रॅक्टर एका चाकावर फिरतो. नांगराच्या वेळी ती सोय, घाटात तेच मरण.

रेल्वेने हा धडा फार पूर्वी घेतला. भोर घाटातून रेल्वे १८६३ साली सुरू झाली. आजही कर्जतहून गाडी घाट चढताना जादा इंजिने जोडतात हे सर्वांनी पाहिले आहे. उतरतानाची शिस्त मात्र फार जणांच्या लक्षात येत नाही. घाट उतरण्याआधी गाडीचे ब्रेक तपासल्याखेरीज ती पुढे सोडत नाहीत, आणि तरीही एखादी गाडी हाताबाहेर गेलीच तर ती चढावर जाऊन आपोआप थांबावी म्हणून बाजूला वर चढणारे रूळ टाकून ठेवलेले आहेत. दीडशे वर्षांचा अनुभव असलेले खाते अजून ब्रेकवर आंधळा भरवसा टाकत नाही. आपल्या भागातले कितीतरी जवान लडाखला नोकरी करून आलेत, त्यांना झोजिला खिंडीचे विचारा. साडेअकरा हजार फुटांवरची खिंड. बर्फ पडून रस्ता धोक्याचा झाला की सीमा सडक संघटना आणि पोलीस ती सरळ बंद ठेवतात, आणि चालू असते तेव्हाही पुष्कळदा एका वेळी एकाच बाजूची वाहने सोडतात. वेळ चुकली तर ट्रक खाली थांबतो. कोणी म्हणत नाही की माझी खेप बुडाली. आपला घाट झोजिला नाही हे मला कळते. पण आपल्या घाटात एक साखळी आणि एक रखवालदार ठेवायला बर्फ पडण्याची वाट कशाला बघायची?

आता आक्षेपांकडे येतो. एका गटसभेत एक वडीलधारे सभासद म्हणाले, "साहेब, ऊस तोडून रात्रभर घाटाच्या पायथ्याला उभा करा म्हणता. वजन घटलं तर भरून कोण देणार? तुम्ही का चेअरमन?" प्रश्न रास्त आहे. तोडलेला ऊस लवकर गाळपाला जावा हे मीच तर बांधाबांधावर सांगत फिरतो. मी त्यांना म्हटले, "आण्णा, मार्च-एप्रिलात तुम्ही हे बोलला असता तर मी गप्प बसलो असतो." उन्हाळ्यात तोडलेला ऊस तासातासाने वाळतो, साखर मोडते, तिथे थांबणे परवडत नाही. पण जानेवारीच्या रात्री हवा गार, दव पडलेले. त्या आठ-नऊ तासांत होणारी घट उन्हाळ्यातल्या दुपारच्या मानाने किरकोळ. त्यातही तोडणीची वेळ जुळवली तर थांबणे आणखी कमी होईल. घाटापलीकडच्या टोळ्यांनी पहाटे तोड धरून दुपारी तीनपर्यंत गाड्या भराव्यात, म्हणजे दिवे लागणीच्या आत घाट ओलांडता येतो. संध्याकाळी भरलेली गाडी मात्र पायथ्याला थांबावी. आणि सकाळी ती कारखान्यावर आली की तिला यार्डातल्या रांगेत न घालता थेट काट्यावर आणि गव्हाणीकडे घ्यावे. नंबराच्या पासाला वेगळा रंग दिला की काम झाले. गव्हाणीला रात्री ऊस कमी पडेल, असे उत्पादन विभागातले मित्र म्हणतील. त्यासाठी सपाटीवरच्या गटांचा ऊस रात्रीच्या पाळीला आणि घाटातला दिवसाच्या पाळीला, अशी आखणी करता येते. कार्यक्षेत्रातले बहुतेक गट सपाटीवरचेच आहेत.

खरी अडचण पैशाची आहे, ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ड्रायव्हर रात्री का येतो? दंड झाला तरी दोन ट्रॉल्या का भरतो? त्याला मस्ती आली आहे म्हणून नव्हे. त्याला टनावर आणि अंतरावर पैसे मिळतात. सपाटीच्या पंधरा किलोमीटरला जो दर, तोच घाटाच्या पंधरा किलोमीटरला. डिझेल जास्त, टायर जास्त, वेळ दुप्पट. ट्रॅक्टरचा हप्ता डोक्यावर, टोळीला दिलेली उचल अंगावर, आणि टोळी अर्ध्यात पळून गेली तर सगळेच बुडाले. अशा माणसाला रात्रीच्या आणखी एका खेपेत नि दुसऱ्या ट्रॉलीतच नफा दिसतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती होऊन जादा भाराला २० हजार रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २ हजार असा दंड आला. तो कागदावर जबर आहे. पण आपणच दर असा ठेवायचा की जादा भार घातल्याशिवाय परवडू नये, आणि मग त्याच पोरावर कायदा दाखवायचा, याला काय म्हणावे?

म्हणून घाटाच्या अंतराला वेगळा दर द्यावा, एका ट्रॉलीला परवडेल असा. रात्री थांबलेल्या गाडीला थांबल्याचा भत्ता द्यावा. यावर सपाटीवरचे सभासद म्हणतात की तोडणी-वाहतुकीचा खर्च शेवटी आमच्याच एफ.आर.पी.तून वजा होतो. घाटापलीकडच्यांच्या उसाचे आम्ही का भरावे? त्यांनी आपला खर्च आपण बघावा. ऐकायला हे सरळ वाटते. पण ऊस कमी पडलेल्या हंगामात घाटापलीकडच्या उसानेच शेवटचे आठवडे मिल चालली, तेव्हा तो ऊस कोणाचा म्हणून कोणी विचारले नव्हते. कारखाना जितके जास्त दिवस पूर्ण ताकदीने चालतो तितका टनामागचा खर्च कमी पडतो, आणि त्याचा लाभ काट्याच्या शेजारी शेत असलेल्या सभासदालाही मिळतो. लांबचा ऊस आणला म्हणून झालेला फायदा सर्वांचा, आणि तो आणताना असलेली जोखीम एकट्या ड्रायव्हरची, हा वाटा सहकारात बसत नाही असे माझे स्पष्ट मत आहे. कोणाला राग आला तरी चालेल.

एक गोष्ट मात्र पैशाची नाही, आणि तिला मी तडजोडीत धरत नाही. बीड, अहिल्यानगर भागातून आलेल्या टोळ्यांतल्या बाया, लहान मुले रात्री भरलेल्या ट्रॉलीवर, मोळ्यांच्या वर, गोधडी पांघरून झोपलेली असतात. कोपीवर परतायला दुसरे वाहन नसते. ही माणसे मुळात बालाघाटच्या डोंगरातले घाट उतरून, ट्रॉलीत बैल, भांडी नि लेकरे घालून आपल्याकडे येतात, त्यामुळे त्यांना त्याचे काही वाटेनासे झालेले असते. आपल्याला वाटले पाहिजे. रात्री एकच्या सुमारास घाटात मी एक गाडी थांबवली होती. वर पाच माणसे होती, त्यात एक तान्हे. खाली उतरा म्हटले तर ती बाई म्हणाली, "साहेब, उतरून जाऊ कुठं? थंडी बघा की." तिला उत्तर माझ्याजवळ नव्हते. त्या पाच जणांना जीपमध्ये घालून कोपीवर सोडले, पण एका जीपने किती गाड्यांची माणसे न्यायची? भरलेल्या गाडीवर माणूस दिसला की ती गाडी पायथ्यालाच अडवायची, आणि टोळीला कोपीवर न्यायला कारखान्याने संध्याकाळी एक टेम्पो फिरवायचा. टेम्पोचा खर्च मी काढून दिला आहे. तो शेतकी खात्याच्या एका महिन्याच्या इंधनाएवढाही नाही.

ड्रायव्हर बंधूंसाठीही थोडे. थंडी घालवायला म्हणून जो घोट घेतला जातो, त्याने कातडीखाली रक्त धावते म्हणून ऊब वाटते, आतून मात्र शरीराची उष्णता बाहेर पडते. थंडीही जात नाही आणि डोळाही लागतो. धुक्यात मोठा लाइट लावू नये, उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यात येतो. खालचा लाइट लावून कडेच्या पांढऱ्या पट्टीचा माग धरावा. अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली तर उतरणाऱ्याने थांबून तिला वाट द्यावी, हा नियमच आहे. टेप मात्र बंद ठेवावा. वळणापलीकडची गाडी धुक्यात आधी कानाला कळते, डोळ्याला नंतर. ट्रॉलीमागचा रिफ्लेक्टर वाढ्यांच्या खाली, चेसिसच्या आडव्या पट्टीवर लावावा, आणि यार्डातून निघताना हाताने पुसावा. चिटबॉयना मी फडके वाटणार आहे. हसू नये.

वर लिहिलेले माझे वैयक्तिक मत आहे, संचालक मंडळाचा ठराव नव्हे. घाटाचा वेगळा दर, थांबल्याचा भत्ता आणि टेम्पो, या तिन्हींचा प्रस्ताव आकड्यांसह मी कार्यकारी संचालकांकडे दिलेला आहे. तो वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावा असे ज्यांना वाटते त्यांनी, आणि येऊ नये असे वाटते त्यांनीही, आपले म्हणणे सही करून गट ऑफिसला द्यावे. सपाटीवरच्या गटांतून कागद आले तर मला विशेष आनंद होईल. दरम्यान ट्रॉल्यांच्या ब्रेकची आणि पेडलच्या कडीची तपासणी बॉयलर पेटण्याआधी, वाहतूक करार करतानाच, शेतकी खात्याच्या आवारात सुरू करीत आहोत; करारासाठी येताना ट्रॅक्टर आणि ट्रॉली दोन्ही बरोबर आणावी, नुसती कागदपत्रे आणू नयेत.

– ऊस विकास अधिकारी